वेग दुप्पट झाल्यावर

विश्रामबागेतल्या एका ज्युनिअर कॉलेजात मी भौतिकशास्त्र शिकवते. त्या दिवशी अकरावीच्या वर्गात उतारावरून घसरणाऱ्या ठोकळ्याचं गणित फळ्यावर सोडवत होते. अर्ध्यावर आले आणि हातातून खडू गळून पडला. वाकून डाव्या हाताने उचलला आणि पुढं लिहायला फळ्याकडं पाहिलं, तर वर लिहिलेलं मला वाचता येईना. अक्षर माझंच होतं, वळणही माझंच, पण ते कशाबद्दल आहे हे कळत नव्हतं. मुलांना वाटलं, मॅडम विचार करतायत. तीही गप्प बसून राहिली. मग पहिल्या बाकावरच्या कुणीतरी विचारलं, "मॅडम, पुढं?" मला उत्तर द्यायचं होतं, पण तोंडातून नुसता आवाज निघाला.

शेजारच्या वर्गातल्या सहकारी बाई धावत आल्या म्हणून वेळेत दवाखान्यात पोचले. मेंदूच्या डाव्या बाजूला रक्ताची गुठळी झाली होती. औषध वेळेवर मिळालं, गुठळी विरघळली. जीव वाचला, पायही वाचले. उजवा हात कमजोर झाला. बोलणं हळूहळू परत येऊ लागलं, आधी नावं, मग लहान वाक्यं. डॉक्टर समाधानी होते. पण माझ्या लक्षात एक गोष्ट आली होती आणि ती मी कुणाला सांगत नव्हते. मला कुठल्याही गोष्टीतलं आधीचं आणि नंतरचं लागत नव्हतं. गतीचे तिन्ही नियम मी शाळेतल्या प्रार्थनेसारखे धडाधड म्हणू शकत होते. पण एखादी बस सेकंदाला वीस मीटर जाते, तर पाच सेकंदांत किती जाईल, हे विचारलं की समोर भिंत उभी राहायची.

दवाखान्यातून सोडायच्या दिवशी मी कुठं राहायचं यावर बोलणं झालं. माझं माहेर सातारचं. भाऊ गाडी घेऊन तयारीतच आला होता. मुलगी पुण्यात नोकरी करते, तीही म्हणत होती, आई माझ्याकडं येईल. माझे पती पलंगाच्या पायथ्याशी उभे होते. सगळ्यांचं बोलून झाल्यावर ते म्हणाले, "ती आपल्या घरी येईल. गावाकडं."

सगळ्यांना नवल वाटलं, मलासुद्धा. आमचा संसार सुट्ट्यांतला होता. ते लष्करात ट्रक चालवायचे, वर्षातून दोनदा यायचे. मी सांगलीत मुलीला वाढवलं आणि नोकरी केली. काही वर्षांपूर्वी ते निवृत्त झाले तेव्हा कडेगावजवळच्या गावात आईपाशी, उसाच्या शेतावर राहिले. माझी नोकरी सांगलीत होती, म्हणून मी तिथंच राहिले. शनिवार-रविवारी एकमेकांकडं जायचो. भांडण काही नव्हतं. इतकी वर्षं लांब राहायची सवय होती, ती तशीच चालू राहिली होती, एवढंच. आता पहिल्यांदाच आम्ही सलग एका छपराखाली राहणार होतो, आणि मला धड बोलता येत नव्हतं.

गावच्या घरात तिघंच होतो. ते, मी आणि माझ्या सासूबाई. आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात. ऊसतोडीचे दिवस होते, रस्त्यावरून दिवसभर भरलेल्या ट्रॉल्या जायच्या. आत्या माझ्या उजव्या हाताला तेल चोळायच्या आणि दर वेळी तेच सांगायच्या, "लय इचार करू नगंस पोरी. डोस्क्याला आराम दे." पण डोक्याला आराम दिला की मला जास्त भीती वाटायची.

आठवड्यातून एकदा पती मला एसटीने कऱ्हाडला आणि तिथून रिक्षाने मलकापूरला न्यायचे. तिथं स्पीच थेरपीच्या एक तरुण बाई होत्या. त्यांनी पहिल्या दिवशी माझ्यासमोर चहा करण्याची चित्रं ठेवली आणि ओळीने लावायला सांगितली. मी गाळणीचं चित्र सगळ्यात आधी ठेवलं. नंतर पातेलं, नंतर कप. चुकतंय हे कळत होतं, पण बरोबर काय ते सापडत नव्हतं. माझे डोळे भरून आले. बाईंनी चित्रं शांतपणे गोळा केली आणि विचारलं, तुम्ही काय काम करता? माझ्याऐवजी पतींनी सांगितलं.

बाई म्हणाल्या, "मला फिजिक्समधलं काही येत नाही. पण पायरी-पायरीनं जायची सवय तुमच्या डोक्याला वर्षानुवर्षं आहे. तीच वापरू या. घरी रोज एक अगदी सोपं गणित घ्या. उत्तर चुकलं तरी चालेल. प्रत्येक पायरी मोठ्यानं बोलायची, आणि ऐकायला समोर माणूस पाहिजे. तो माणूस त्यातलं न कळणारा असेल तर उत्तम."

परतीच्या एसटीत कऱ्हाड मागं पडल्यावर पती एकदम म्हणाले, "मला तर काईच कळत न्हाई त्यातलं. मग मीच बसतो."

दुसऱ्या दिवशी ते सांगलीच्या फ्लॅटवर जाऊन माझं अकरावीचं पुस्तक घेऊन आले. उजव्या हातात पेन धरवत नव्हतं, म्हणून आम्ही सोप्यातल्या, म्हणजे घराच्या पुढच्या पडवीतल्या, शहाबादी फरशीवर खडूने लिहायचं ठरवलं. मी डाव्या हाताने लिहायचे. अक्षर बालवाडीतल्या मुलासारखं यायचं. फरशी मोठी होती, चुकलं तर पायाने पुसता यायचं.

गणित सोडवताना मी मुलांना नेहमी पाच प्रश्न विचारायला लावत असे. काय दिलंय? काय काढायचंय? चित्र काढलं का? कुठला नियम लागतो? आणि शेवटी, आलेलं उत्तर मनाला पटतंय का? हे पाच प्रश्न मला पाठ होते, नियमांसारखेच. अडचण अशी होती की पहिल्याचं उत्तर देईपर्यंत दुसरा निसटून जायचा. पतींनी ते पाचही माझ्याकडून म्हणून घेतले आणि स्वतः पाठ केले. मग माझ्यासमोर खुर्ची टाकून बसले आणि परेडवर हुकूम द्यावा तशा आवाजात म्हणाले, "काय दिलंय?"

पहिलं गणित असं होतं. एक बस ताशी बहात्तर किलोमीटर वेगाने जात आहे, तर सेकंदाला किती मीटर? मी बहात्तर लिहिलं. किलोमीटर लिहिलं. नंतर तास म्हणजे काय हेच आठवेना. म्हणजे शब्द कळत होता, पण त्याचं इथं काय करायचं ते कळत नव्हतं. ते थांबले. घाई केली नाही. मग पुन्हा, "काय दिलंय?" मी चिडले. खडू फेकला, तो अंगणात जाऊन पडला. त्यांनी उठून तो आणला, फुंकर मारली, माझ्या हातात दिला आणि परत तोच प्रश्न विचारला. मला रडू फुटलं. आतून आत्या ओरडल्या, "आरं, कशाला छळतुयास तिला? राहू दे की." ते म्हणाले, "छळत न्हाई आई. डाक्टरीणबाईंनी सांगितलंय."

त्या दिवशी गणित सुटलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. त्यानंतर कधीतरी एका सकाळी मी बहात्तर किलोमीटर म्हणजे बहात्तर हजार मीटर असं मोठ्यानं म्हणाले आणि ते लिहिलं. एका तासात साठ मिनिटं. एका मिनिटात साठ सेकंद. प्रत्येक वाक्यानंतर ते मान हलवायचे. बहात्तर हजार भागिले तीन हजार सहाशे. भागाकार त्यांनीच मोबाईलवर केला. वीस आले. मी फरशीवर वीस लिहिलं आणि त्याच्यापुढं मीटर प्रति सेकंद लिहायला विसरले नाही. हे एकक लिहिलं याचा मला त्या वीसपेक्षा जास्त आनंद झाला. आत्या भाकरी टाकायची सोडून बघायला आल्या. त्यांना त्यात काही दिसलं नाही, पण माझं तोंड बघून त्या हसल्या.

असं आमचं रोजचं चालू झालं. सकाळी जनावरांचं आटोपून ते आंघोळ करून यायचे आणि बसायचे. मी चढ-उतार अनुभवत होते. एखाद्या दिवशी तीन पायऱ्या सलग यायच्या, दुसऱ्या दिवशी एकही नाही. वजा म्हणायचं असेल तर तोंडातून अधिक यायचं. कधी कधी चित्रच उलटं काढायचे, झाडावरून पडणारं फळ वर निघालेलं. त्यांनी एकदा ते पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "ह्ये फळ कुठं निघालंय?" मी बघितलं आणि आजारानंतर पहिल्यांदा मोकळी हसले. तेही हसले. आम्ही दोघं असे एकत्र कधी हसलो होतो ते मला आठवेना.

बोलण्यातून बोलणं निघायला लागलं होतं. गणितात ट्रक आला की ते पहाडातल्या रस्त्यांबद्दल सांगायचे. बर्फात चाक कसं फिरत राहतं आणि गाडी जागची हलत नाही, खाली दरीत नदी दिसत असते. इतक्या वर्षांत त्यांनी हे मला कधी सांगितलं नव्हतं. फोनवर आम्ही फक्त मुलीची फी, आत्यांची तब्येत आणि सुट्टी कधी, एवढंच बोलत आलो होतो.

मग ते ब्रेकचं गणित आलं. ताशी छत्तीस किलोमीटर, म्हणजे सेकंदाला दहा मीटर वेगाने जाणाऱ्या गाडीला ब्रेक लावला. तिचा वेग दर सेकंदाला चार मीटर प्रति सेकंद या दराने कमी होतो. थांबेपर्यंत ती किती अंतर जाईल? हे मी जवळजवळ एकटीने सोडवलं. थांबायला अडीच सेकंद. वेग दहापासून शून्यापर्यंत एकसारखा उतरतो, म्हणून सरासरी पाच. पाच गुणिले अडीच, साडेबारा मीटर. त्यांनी शेवटचा प्रश्न विचारला, पटतंय का? मी म्हटलं, पटतंय. त्यांनाही पटलं.

पुस्तकात खाली दुसरा भाग होता. वेग दुप्पट असेल तर? मी वाचायच्या आत तेच म्हणाले, "त्यात काय. पंचवीस."

"नाही," मी म्हणाले.

"का न्हाई? वेग डबल, तर अंतर डबल."

"नाही. थांबा," मी म्हणाले आणि खडू घेतला. "वेग दुप्पट झाला तर थांबायला वेळ दुप्पट लागणार. अडीचच्या जागी पाच सेकंद. हे कळलं?"

"कळलं."

"पण त्या पाच सेकंदांत गाडी आधीपेक्षा वेगानेपण पळतेय. तिची सरासरी पाच नाही, दहा. म्हणजे वेळही दुप्पट आणि त्या वेळात पळणंही दुप्पट. दुपटीची दुप्पट. पन्नास मीटर. तुम्ही एकच दुप्पट धरली, दुसरी सोडली."

ते फरशीकडं बघत राहिले. मला वाटलं त्यांना अजून पटलं नाही, म्हणून मी पुन्हा दोन गाड्या काढल्या, एकीखाली एक, आणि प्रत्येक सेकंदाला गाडी कुठं असेल तिथं रेघ मारली. पहिलीच्या रेघा पटकन संपल्या. दुसरीच्या सोप्याच्या दारापर्यंत गेल्या. मी गुडघ्यावर सरकत सरकत दारापाशी पोचले आणि वळून पाहिलं, तर ते गाड्यांकडं नाही, माझ्याकडं बघत होते.

"काय झालं?" मी विचारलं.

"तू किती बोललीस," ते म्हणाले. "मधी कुठं आडली न्हाईस."

तेव्हा मला कळलं. मी कुठल्या पायरीनंतर कुठली हे शोधतच नव्हते. त्यांचं चुकलेलं दिसलं आणि ते समजावून सांगायचं होतं, बाकी सगळं आपोआप मागोमाग आलं. मी तशीच उंबऱ्यावर बसले. ते म्हणाले की ट्रेनिंगमध्ये त्यांना पुढच्या गाडीपासून अंतर ठेवायला शिकवलं होतं, पण वेगात ते इतकं जास्त का ठेवायचं हे कुणी सांगितलं नव्हतं. हुकूम होता, म्हणून पाळला. मग उठून ते शेताकडं गेले. दुपारी जेवताना त्यांनी मला विचारलं, वेग तिप्पट केला तर नऊपट ना? मी म्हटलं, हो.

मलकापूरच्या बाईंना हे सांगितलं तेव्हा त्यांनी खुर्ची पुढं ओढली आणि सगळं पुन्हा सांगायला लावलं. त्या म्हणाल्या, आता शिकवायला लागा. मी म्हटलं, कुणाला? त्या म्हणाल्या, ते तुम्ही ठरवा.

जूनमध्ये कॉलेज सुरू व्हायच्या आधी मी प्राचार्यांना भेटायला गेले. पती सोबत होते. प्राचार्यांनी आपुलकीने चौकशी केली आणि ऑफिसातलं हलकं काम देऊ केलं. मी म्हटलं, मला वर्ग हवा. ते अवघडले. त्यांचंही चूक नव्हतं, मी वर्गात पुन्हा गप्प झाले तर जबाबदारी त्यांची होती. शेवटी असं ठरलं की अकरावीत ज्यांना भौतिकशास्त्र जड जातं त्यांचा एक जादा तास मी घ्यायचा. मुलं थोडी, आणि परीक्षेचं ओझं माझ्यावर नाही. पतींनी शेत गावातच वेगळं राहणाऱ्या धाकट्या दिरांकडं सोपवलं आणि ते माझ्याबरोबर विश्रामबागेतल्या फ्लॅटवर राहायला आले. आत्या म्हणाल्या, "जावा. माझं मी बघते. फोन करत ऱ्हावा."

पहिल्या तासाला मी काही लपवलं नाही. मुलांना सांगितलं, मला आजार झाला होता. अजूनही एखादी पायरी मला सापडत नाही, आणि वजाच्या जागी मी अधिक म्हणते. असं झालं तर तुम्ही घाबरायचं नाही, मला प्रश्न विचारायचे. आणि ते पाच प्रश्न फळ्याच्या कोपऱ्यात लिहिले. डाव्या हाताने, अजून वाकडेच.

पंधरा मिनिटांतच मी अडकले. नदी ओलांडणाऱ्या नावेचं गणित होतं. मुलांनी एकमेकांकडं पाहिलं. तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी हळूच म्हणाली, "मॅडम, चित्र काढलं का?" मी चित्र काढलं. नदी, नाव, प्रवाहाचा बाण. चित्र झाल्यावर पुढची पायरी मला दिसली.

ती मुलगी जतकडची. घरचे पूर्वी मेंढरं घेऊन फिरायचे, आता थोडी शेतीही करतात. ती मावशीकडं राहून शिकत होती. तास संपल्यावर ती टेबलापाशी आली. नदी शंभर मीटर रुंद, नाव समोर तोंड करून सेकंदाला दोन मीटर जाते, पाण्याचा वेग सेकंदाला एक मीटर. पलीकडं पोचायला पन्नास सेकंद, आणि तेवढ्या वेळात नाव पन्नास मीटर खाली वाहत जाते. हे सगळं तिला कळलं होतं. पण पाणी वाहत असलं काय आणि नसलं काय, पलीकडं जायला वेळ तेवढाच, हे तिच्या मनाला पटत नव्हतं.

"मॅडम, पाणी आडवं येतंय की. मग उशीर व्हायला पायजे," ती म्हणाली.

"पाणी आडवं येत नाही, ते बाजूला नेतं," मी म्हटलं. तिने मान हलवली, पण पटलेलं नव्हतं. मला ते आवडलं. पाचवा प्रश्न ती खरोखर स्वतःला विचारत होती.

पाऊस संपून नदीचं पाणी उतरलं तेव्हा एका रविवारी मी तिला आणि आणखी दोघींना घेऊन कृष्णेच्या घाटावर गेले. त्यांच्या घरी विचारलं होतं. पतीही आले. नाववाल्याला सांगितलं की आम्हाला पलीकडच्या काठावर बरोबर समोर दिसणाऱ्या झाडापाशी जायचं नाही, नावेचं तोंड फक्त सरळ समोर धरायचं आणि जिथं लागेल तिथं लागू द्यायचं. त्याला ही मागणी विचित्र वाटली, पण त्याने वल्ही धरली. मुलीने इतकं पाणी जवळून पाहिलं नव्हतं, ती आधी नावेची कड घट्ट धरून बसली. मध्यावर आल्यावर ती मागं वळून घाटाकडं बघायला लागली. घाट बाजूला सरकत होता. समोरचा काठ मात्र त्याच गतीने जवळ येत होता.

"त्ये आपल्याला फकस्त तिकडं नेतंय," ती प्रवाहाच्या दिशेने हात करून म्हणाली. मग म्हणाली, "समोर जायचं काम वल्ह्याचं. त्येला पाणी हात लावत न्हाई."

नाव त्या झाडाच्या बरीच खाली लागली. परत येताना तिने नाववाल्याला विचारलं की सरळ घाटालाच लागायचं असेल तर काय करता? तो म्हणाला, तोंड वरच्या अंगाला धरतो. मग तिने मला विचारलं, "मग तवा वेळ जास्त लागंल ना, मॅडम?" मी म्हटलं, लागेल, किती ते काढून बघ. तिरकं वल्हवण्याचं ते गणित मला त्या घडीला तोंडी आलं नसतं, आणि मी तसं तिला सांगितलंही. ती म्हणाली, मी काढून आणते.

तिने आणलं. एके ठिकाणी चुकलं होतं, ते आम्ही दोघींनी मिळून शोधलं. वार्षिक परीक्षेत ती चांगल्या गुणांनी पास झाली. बारावीला तिने भौतिकशास्त्र सोडलं नाही. सुरुवातीला ती सोडायच्या विचारात होती, हे मला तिच्या मावशीने नंतर सांगितलं.

यंदा प्राचार्यांनी स्वतःहून मला अकरावीची एक पूर्ण तुकडी दिली आहे. मी विचार करायला दोन दिवस मागितले आणि हो म्हणाले. उजव्या हाताने आता फळ्यावर लिहिता येतं, लवकर दमतो एवढंच. वजा आणि अधिकचा घोळ गेलेला नाही. मुलं माझी चूक सुधारतात आणि आम्ही पुढं जातो. पती आता सोमवारी सांगलीत येतात, शुक्रवारी आत्यांकडं गावी जातात, येताना आत्यांनी दिलेल्या शेंगा आणतात. संध्याकाळी दोघं फिरायला जातो आणि बोलत असतो, बहुतेक वेळा भौतिकशास्त्र सोडून.

पुढच्या आठवड्यात वर्गात उष्णतेचा धडा सुरू करायचा आहे. आजारानंतर तो मी उघडलेला नाही. रविवारी सकाळी बसून पहिल्या पानापासून वाचणार आहे.